अर्ध्या पेनीचा कौल

आत्ये, काल तुझं तेरावं उरकलं. माणसं जेवून गेली, वसंता दुपारच्या एस.टी.नं मुंबईला गेला आणि घरात मी आणि तुझी देवी अशा दोघीच उरलो. जेवायला आलेल्या प्रत्येकानं मला तेच तेच ऐकवलं, की आत्येनं तुझ्यासाठी जन्म काढला हो. मी वाढता वाढता मान डोलावत होते. खोटं नाही ते. पण अर्धंच आहे, आणि उरलेलं अर्धं त्यांना सांगायची माझी छाती झाली नाही. तुलाही मी ते कधी सांगितलं नाही. तुला सांगायची गरज तरी होती का, ते शेवटच्या दिवसांत मला कळेनासं झालं होतं, म्हणून हे लिहायला बसले आहे.

तुझ्याच देवीची गोष्ट तुला सांगते. तू सांगायचीस ती वेगळी होती. पेशव्यांच्या वेळी आपल्या मूळपुरुषाच्या जाळ्यात जयगडच्या खाडीत ती आली, त्यानं तीनदा पाण्यात टाकली, तीनदा ती परत जाळ्यात आली, मग त्यानं घरी आणून बसवली. इंचभर रुंदीचा तांब्याचा गोल टाक, मागून चांदीचा पत्रा, खाली लाखेची बैठक. बसलेली बाई, हातात त्रिशूळ, बाजूला ढाल आणि पाठीमागे दीपमाळ. वाडीतल्या बायकाही नडीअडीला तिच्याकडे कौल मागायला यायच्या. तिला हात लावायचा अधिकार तुझा एकटीचा. रोज सकाळी डाव्या मुठीत बैठक धरून तू तिला आमसुलाच्या कोळानं आणि राखेनं घासायचीस. उजव्या अंगठ्यानं, जीव लावून. देवी झळझळीत दिसली पाहिजे, एवढंच तुला माहीत.

आणि कौल. भिजवलेल्या तांदळाचा एकेक दाणा देवीच्या दोन्ही अंगांना चिकटवायचा. देवीच्या उजव्या अंगाचा आधी पडला तर उजवा कौल, डाव्या अंगाचा आधी पडला तर डावा. पण मागणाऱ्यानं आधी बोलायचं असतं की, आई, हे काम व्हायचं असेल तर अमुक कौल दे. जगभर लोक उजवा मागतात. तूही बहुतेक वेळा उजवाच मागायचीस. कधीतरी मात्र डावा मागायचीस. लहानपणी मी विचारलं होतं, "आज डावा का गो मागितलास?" तू म्हणालीस, "आज आई डाव्या अंगावर बसल्येय." मला ते इतकं खरं वाटलं होतं, की मी वाकून देवी कुठल्या अंगावर बसली आहे ते बघत होते.

माझी आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते आणि वसंता सहाचा. तू त्याआधीच नवऱ्याचं घर सोडून माहेरी आली होतीस. त्यानं मुंबईत दुसरी ठेवली होती, पण पुढे त्याला पश्चात्ताप झाला आणि तो तुला न्यायला आला, हे तू मला एकदाच सांगितलंस, फणस फोडताना, हाताला तेल लावून. तुझ्या आईनं कौल लावला होता. जायचं असेल तर उजवा दे. डावा पडला. तो अंगणातूनच परत गेला. तुझं वय तेव्हा बावीस. "आईनं ठेवून घेतली मला," तू म्हणालीस, आणि फणसाचा चीक पुसायला लागलीस.

सातवीनंतर बाबा मला शाळेतून काढणार होते. "पोरीला काय कलेक्टर करायची हाय?" असं म्हणून ते पडवीत बसले होते. तू त्यांच्यादेखत दाणे लावलेस आणि मोठ्यानं म्हणालीस, "आई, पोरीला पुढं शिकवायची असेल तर डावा दे." डावा पडला. बाबांनी देवीपुढे कधी तोंड उघडलं नाही. मी मॅट्रिक झाले, रत्नागिरीला डी.एड. केलं, मास्तरीण झाले. आज माझ्या पायात चप्पल आहे आणि महिन्याच्या महिन्याला माझा पगार होतो, तो त्या डाव्या दाण्यामुळे. हे मी विसरलेले नाही. मला विसरता आलं असतं तर पुढचं सगळं सोपं झालं असतं.

मग प्रकाश आला. माझ्याच शाळेत शिकवायचा, शेजारच्या गावच्या बौद्धवाडीतला. अक्षर सुंदर, आवाज गोड, आणि स्वतःची इस्त्री स्वतः करणारा. तो रीतसर घरी आला, पडवीत बसला आणि बाबांशी बोलला. बाबा अंगणाकडे बघत बसले होते. तू मात्र किती गोड बोललीस त्याच्याशी! चहा दिलास, वरून शेवेचा लाडू दिलास, आईवडिलांची चौकशी केलीस. तो गेल्यावर तो कप तू विहिरीच्या कडेला पालथा घातलास. तो कप परत घरात आला नाही. मी विचारलं तेव्हा म्हणालीस, "माजं काय नाय गो. मी कोण नाय म्हणणारी? आपण आईलाच विचारू."

मला अजून तो शुक्रवार आठवतो. तू नवी साडी नेसली होतीस. दाणे लावलेस, हात जोडलेस आणि म्हणालीस, "आई, पोरीचं लगीन तिकडं व्हायचं असेल तर उजवा दे."

उजवा मागितलास.

दाणा पडला तो डावा. तू मला पोटाशी धरून ढसाढसा रडलीस. ते रडणं खोटं नव्हतं, आत्ये. मी तेव्हाही ते खरं धरलं आणि आजही धरते. म्हणून तर मला तुझी चीड येते. नुसती लबाड असतीस तर तुला कधीच सोडून गेले असते. प्रकाशनं बदली मागून घेतली आणि अलोऱ्याला गेला, तिथंच त्याचं लग्न झालं. मी तुझ्याजवळ राहिले. सोळा वर्षं तुझ्या हातचं जेवले आणि तुझ्या देवीला नमस्कार केला. पुढे बाबाही गेले, पण त्यांच्या जाण्यानं आपल्या घरात फारसं काही हललं नाही.

दोन वर्षांपूर्वी तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि देवी घासण्याचं काम पहिल्यांदा माझ्या हाती आलं. पहिल्याच सकाळी माझ्या अंगठ्याला काहीतरी लागलं. देवीच्या उजव्या अंगाला काठाशी दोन उंचवटे. उजेडाकडे धरून बघितलं तर इंग्रजी एल आणि एफ. तुला वाचता येत नव्हतं, तुझ्या आईलाही नव्हतं, तुमच्या लेखी ती नक्षी होती. मला मात्र वाचता येत होतं. मला तूच शिकवलं होतंस.

आमच्या हेडमास्तरांना जुन्या नाण्यांचा नाद. त्यांच्या कपाटात बिस्किटांच्या डब्यात नाणीच असतात. मी देवीवर पातळ कागद धरला, वरून शिसपेन्सिल फिरवली आणि उठलेला छाप घेऊन त्यांच्याकडे गेले. नाणं वाटेत सापडलं, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी छाप खिडकीशी नेला, पट्टी लावली, भिंग लावलं. मग डब्यातून एक नाणं काढून माझ्यासमोर ठेवलं. त्यावर तुझी देवी बसली होती, अख्खी, न झिजलेली, डोक्यावर शिरस्त्राण घालून.

"ही इंग्लंडची बाई," ते म्हणाले. "देश म्हणून काढलेली. त्रिशूळ समुद्राचा. रुंदी बरोब्बर एक इंच, म्हणजे हा अर्धा पेनी. लोक तांब्याचा म्हणतात, पण आहे काशाचा."

"साल?"

"साल तिच्या पायाखाली असतं. तुमच्या छापात खालचा भाग उठलाच नाही." तो भाग लाखेत होता. "तरी हरकत नाही. हे तिच्या पाठीमागचं बघा. हे दीपगृह. अर्ध्या पेनीवर हे आलं अठराशे साठात आणि पंचाण्णवपासून काढून टाकलं. म्हणजे तुमचं नाणं त्या मधलं. व्हिक्टोरिया राणीचं."

म्हणजे पेशवे बुडून चाळीस वर्षं होऊन गेल्यावरचं, आत्ये. खाडी नाही, जाळं नाही. आपले पणजोबा आगबोटीवर खलाशी होते, हे तर तूच सांगायचीस. विलायतेच्या कुठल्यातरी बंदरात खिशात राहिलेलं ते नाणं. त्यांनी ते बायकोला दिलं असेल, पोरांना खेळायला दिलं असेल, आणि कुणाला तरी त्यात त्रिशूळ दिसला असेल.

मला हसू आलं. तिथवर मी नुसती हसले असते आणि घरी येऊन तुलाही सांगितलं असतं. पण हेडमास्तर कागद तिरपा धरून म्हणाले, "एक गंमत आहे बाई. खिशात, व्यवहारात नाणं झिजतं ते सगळीकडून सारखं. हे एकाच अंगाला झिजलंय. तिच्या डाव्या अंगाला अक्षरं गेली, तिथं असतं ते जहाज गेलं, काठसुद्धा सपाट झाला. उजव्या अंगाला अक्षरं आहेत, दीपगृह आहे. कुणीतरी वर्षानुवर्षं अंगठ्यानं घासलंय. नाणं कधी घासू नये. घासलं की त्याचं वय जातं."

मी घरी आले. तू शेजारी हळदीकुंकवाला गेली होतीस. मी तांदूळ भिजवले. देवीच्या उजव्या अंगाला दाणा लावला, तो अक्षरांच्या खाचेत बसला. डाव्या अंगाला लावला, तिथं त्याला धरायला काही नव्हतं. थोडं पाणी सुकलं आणि तो घसरला. पुन्हा लावले. वीस वेळा लावले. वीसही वेळा डावा.

मग मी तिथंच पाटावर बसून तुझे सगळे कौल आठवले. वसंताला मुंबईला गिरणीत पाठवायचं का? डावा मागितला होतास. गेला. वसंताचं लग्न त्यानंच पसंत केलेल्या पोरीशी? डावा. झालं. माझं मॅट्रिक? डावा. जे व्हावं असं तुला वाटायचं, तिथं तू डावा मागायचीस. जे होऊ नये असं वाटायचं, तिथं रीतीप्रमाणे उजवा. देवी काय बोलणार हे तुला आधी ठाऊक असायचं. तुला हे कधी कळलं? घासता घासता अंगठ्यानं सांगितलं, की तुझ्या स्वतःच्या कौलानंतर रात्रंदिवस विचार करून? तुझ्यासाठी कुणी डावा मागितला नव्हता, हे तरी तुला तेव्हा कळलं का?

एकदा मी विषय काढला होता. पडवीतून पलीकडे जयगडची बत्ती लुकलुकत होती. मी म्हटलं, "आत्ये, देवीमागं आहे ती दीपमाळ नाही. तसलं दीपगृह आहे ते. ती देवी विलायतेची आहे."

तू वाल सोलत होतीस. मान वर केली नाहीस. "बत्ती ती बत्ती," म्हणालीस. "कुणाची का असंना. होडी घरी येते मा?"

"सगळ्यांची नाही येत."

"ज्याची यायची त्याची येते."

तिथं आपलं बोलणं थांबलं. मी पुढचं विचारणार होते आणि तूही थांबली होतीस, वालाची टरफलं मुठीत धरून. मग दूधवाला आला. नंतर तो विषय ना तू काढलास ना मी. वर्षभर मी रोज सकाळी त्या अर्ध्या पेनीला आंघोळ घातली, कुंकू लावलं, आणि तुझ्यासमोर हात जोडले. मला तुझ्यावर डाव धरून बसायला आवडत होतं. माझ्याकडे पहिल्यांदाच असं काही होतं, जे तुला दिसत नव्हतं.

पावसाळ्याच्या शेवटी तुझ्या पोटात दुखायला लागलं. रत्नागिरीला नेलं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, की गाठ आहे, आत्ता काढली तर बऱ्या होतील, उशीर केला तर काही खरं नाही. वसंताला तार केली. संपात गिरणी बंद पडल्यापासून तो रिकामाच होता, दुसऱ्याच दिवशी आला. आम्ही दोघं तुला समजावत होतो. तू एकच धरून बसलीस, "आईला विचारल्याबिगर मी अंगाला सुरी लावून घ्यायची नाय."

देवघरापाशी तुला भिंतीला टेकवून बसवलं. वसंता दारात उभा होता. तू हात पुढे केलेस आणि परत मांडीवर ठेवलेस. "मला नाय जमायचं," म्हणालीस. "बायो, तूच लाव. नि तूच माग."

तूच माग. कौल मागणं तू कधी कुणाला दिलं नव्हतंस. मी दाणे घेतले. उजवा लावला, अक्षरांत नीट बसवला. डावा लावला. हात धुतले, जोडले. मला फक्त एक शब्द बोलायचा होता. डावा मागितला असता तर तुला त्याच संध्याकाळी इस्पितळात नेलं असतं. वसंतानं टॅक्सी सांगून ठेवली होती.

मी म्हटलं, "आई, आत्येचं ऑपरेशन करायचं असेल तर उजवा दे."

तू डोळे उघडलेस. त्या पांढुरक्या डोळ्यांनी तुला मी नीट दिसत नसणार, तरी तू सरळ माझ्याकडे तोंड केलंस. दाणा पडायला वेळ लागतो, आत्ये. तू मला शिव्या घालू शकली असतीस. "डावा माग" म्हणू शकली असतीस. पण मग दारात उभ्या असलेल्या वसंताला सगळं कळलं असतं, सगळ्या वर्षांचं, आणि ते तुला मरणापेक्षा जड होतं. मीही बोट पुढे करून तो दाणा दाबून धरू शकले असते. माझे हात जोडलेले होते, ते मी सोडले नाहीत. त्या वेळी माझ्या डोळ्यांसमोर तू नव्हतीस. विहिरीच्या कडेचा तो पालथा कप होता.

टप् असा आवाजही झाला नाही. वसंतानं वाकून बघितलं आणि हळू म्हणाला, "डावा."

तू भिंतीला डोकं टेकलंस. मला वाटलं, रडशील. तू हसलीस. म्हणालीस, "शिकलीस गो, बायो."

वसंताला वाटलं, दाणे नीट लावले म्हणून तू माझं कौतुक केलंस. तो अजूनही लोकांना सांगतो, शेवटी आत्येनं देवीचं सगळं बायोला शिकवून ठेवलं.

त्यानंतर तू दोन महिने जगलीस. दोन महिने मी तुझं सगळं केलं. तुला न्हाऊ घातलं, पेज भरवली, दुखायला लागलं की तुझा हात घट्ट धरून बसले. तूही कधी काही बोलली नाहीस, उलट दुखणं वाढलं की माझंच नाव घ्यायचीस. वाडीतल्या बायका म्हणायच्या, पोटच्या पोरीनं केलं नसतं. त्यांचं ऐकताना मला लाज वाटायची, आणि लाजेत थोडं समाधानही असायचं, तेही सांगून टाकते. तुला वेदनेनं ओरडताना ऐकून माझा जीव तुटत होता. आणि तरी मला कुणी त्या देवघरात पुन्हा नेऊन बसवलं असतं तर मी काय मागितलं असतं, ते मी छातीठोक सांगू शकत नाही. तुला न्यायची वेळ झाली तेव्हा मी अशी रडले, की दोघींनी मला धरून ठेवलं. ते रडणं खरं होतं. तुझंही होतं ना, त्या शुक्रवारचं? आपण दोघी अशाच, मारून झालं की खरं रडणाऱ्या.

काल जेवणं झाल्यावर वसंता म्हणाला, "देवी मी मुंबईला नेतो. घराण्याची हाय, मुलाकडं असलेली बरी. कौल लाव." मी तांदूळ भिजवले. न्यायची असेल तर उजवा दे, म्हटलं. तो बिचारा रिकाम्या हातानं गाडीत बसला. बघितलंस, तुझं शिकवणं वाया गेलं नाही.

आज सकाळी तिला घासायला घेतलं. लाख तापवून सोडवली तर पायाखालचं साल दिसेल, मागचा पत्रा काढला तर राणी दिसेल. मला दोन्ही बघायचं नाही. आमसुलाचा कोळ घेतला, राख घेतली, आणि पहिल्यांदाच बैठक उजव्या हातात धरून डावा अंगठा तिच्या उजव्या अंगावर ठेवला, त्या एल आणि एफवर, त्या बत्तीवर. ती बाजूही सपाट होईपर्यंत आता तिथंच घासायचं. मग कुठला दाणा आधी पडेल ते कुणालाच सांगता येणार नाही, आणि नाण्याचं वयही कुणाला ओळखता येणार नाही. हेडमास्तर बघतील तर हळहळतील. माझ्या एका अंगठ्यानं ते माझ्या हयातीत होणार नाही, हे मला कळतं. तरी आज अंगठा दुखेपर्यंत घासलं, आत्ये, आणि मग तिला कुंकू लावून जागेवर ठेवलं.